कुशदिलीच्या कुरणावरचा हेर

वासिफ एफेंदी हेर झाला तो निव्वळ मेव्हण्याच्या आग्रहाखातर. मूळचा तो धक्क्यावरच्या कचेरीतला कारकून. बोटीतून उतरणाऱ्या तंबाखूच्या गासड्यांवर शिक्के मारायचे, दुपारी पाव-कांदा खायचा आणि संध्याकाळी कादिकॉयची बोट धरून घरी यायचं, एवढंच त्याचं जग. पण तो काळ मोठा संशयाचा. सुलतानाला आपल्या राजवाड्यात धड झोप लागत नसे, आणि त्यापायी निम्म्या इस्तंबूलला उरलेल्या निम्म्या इस्तंबूलवर नजर ठेवायचं काम लागलं होतं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, हा केवढा मोठा गुण आहे! तो असा तंबाखूत का वाया घालवताय?"

बायको पाकिझे तेव्हाच म्हणाली होती, "ह्यांना घरात मीठ कुठे ठेवलंय ते सापडत नाही, आणि हे राजद्रोही शोधणार!" पण भावापुढे तिचं चाललं नाही. वासिफ हेर झाला.

त्याचा वरिष्ठ सेझाई बे. जाडजूड, घामट, सदा रुमालानं मान पुसणारा. एके दिवशी त्यानं वासिफला बोलावून दार लावून घेतलं.

"कुशदिलीचं कुरण माहितीय?"

"आमच्या घरामागेच आहे, बे."

"दर रविवारी तिथं शेजारच्या मोडा वस्तीतले इंग्रज जमतात. सोबत ग्रीक पोरं असतात. आणि आता ऐकतो, आपली पोरंही जायला लागली आहेत. आपली! चांगल्या घरची, शिकलेली. चारचौघांनी एकत्र जमायची बंदी असताना ही वीस-बावीस जणं तिथं करतात काय? बघून या."

वासिफनं वेषांतराचा खूप विचार केला आणि शेवटी एक मोठी काळी छत्री घेतली. रविवारी लख्ख ऊन पडलेलं, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि हा ओढ्याकाठच्या चिनाराखाली छत्री उघडून उभा. चेहरा झाकलेला राहील एवढाच त्याचा हिशोब. शेजारीच बार्बा स्तेल्यो नावाच्या म्हाताऱ्या ग्रीकाची कॉफीची गाडी होती. वासिफनं एक कॉफी मागितली आणि आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, "काय चाललंय हे, बार्बा?"

"खेळ."

"जिंकल्यावर काय मिळतं?"

"घाम."

"आणि हरल्यावर?"

"तोच," स्तेल्यो म्हणाला. "साखर किती घालू?"

वासिफनं कुरणाकडे पाहिलं. चांगली मोठी माणसं गुडघ्यापर्यंत पाय उघडे टाकून एका चामडी गोळ्यामागे धावत होती. हात कुणी लावत नव्हतं, हेच त्याला पहिल्यांदा कळेना. एवढे धडधाकट हात असताना त्यांचा उपयोग करायचा नाही, हा कसला खेळ? तेवढ्यात त्या गर्दीतून एक सडपातळ पोरगा बाहेर आला. गोळा त्याच्या पायाशी बांधल्यासारखा. समोर एक आडदांड इंग्रज उभा. पोरानं डावीकडे जायचं नुसतं मनात आणलं, इंग्रज डावीकडे झुकला, आणि पोरगा उजवीकडून वाऱ्यासारखा निघून गेला. वासिफच्या हातातली कॉफी विजारीवर सांडली. चटका बसला तो त्याला बऱ्याच वेळानं कळला.

"कोण हा?"

"रफीक. लष्करी वैद्यकशाळेत शिकतो," स्तेल्यो म्हणाला. मग विजारीकडे बघून त्यानं फडकं पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी सेझाई बेपुढे हकिगत सांगताना मात्र घोटाळा झाला. तुर्कीत चेंडूलाही 'तोप' म्हणतात आणि तोफेलाही 'तोप'च; आपल्या तोफेचं माहेरही तेच.

"हत्यारं काही दिसली?" बेनं विचारलं.

"नाही, बे. नुसती एक तोप."

बेचा रुमाल मानेवरच थांबला. "तोप? कुठे लपवलीय?"

"लपवलेली नाही. मधोमध ठेवतात आणि सगळे मिळून लाथा घालतात."

"तोपेला लाथा?"

"हो. दोन्ही टोकांना दरवाजे आहेत. ह्यांची तोप त्यांच्या दरवाज्यात घुसली की हे आनंदानं ओरडतात."

"म्हणजे वेशीवर हल्ला करायचा सराव!" बे उठून उभा राहिला. वासिफनं 'तसं नाही हो' म्हणायला तोंड उघडलं, पण वरिष्ठाचं बोलणं तोडायची सवय नसल्यामुळे ते पुन्हा मिटलं. पुढे आयुष्यभर त्याला ह्या तोंड मिटण्याचा पश्चात्ताप होत राहिला.

पुढच्या रविवारी शिपाई आले. इंग्रजांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले. तुर्की पोरं मात्र दाही दिशांना पळाली. रफीक सगळ्यात चपळ, तो केव्हाच ओढा ओलांडून पलीकडे पोचला होता. तिथं तो थांबला, वळला, आणि चेंडू घ्यायला परत आला. तिथंच सापडला.

ठाण्यात साक्षीदार म्हणून वासिफही हजर. चेंडू फुटेल म्हणून तो पाण्यानं भरलेल्या घंगाळात ठेवला होता आणि जो तो भिंतीला चिकटून त्याच्याकडे बघत होता. शेवटी एका हवालदारानं देवाचं नाव घेऊन त्यात आरी खुपसली. फुस्स असा मोठा आवाज झाला आणि सगळं ठाणं जमिनीवर आडवं झालं. उभा राहिला तो एकटा रफीक. डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "अहो, लिव्हरपूलहून आला होता तो!"

"दोन टोळ्या कशासाठी केल्यात?" सेझाई बे कपडे झटकत ओरडला.

"एकाच टोळीनं खेळता येत नाही म्हणून."

बेला हा उद्धटपणा वाटला. रफीक मग वासिफकडे वळला. "छत्रीवाले एफेंदी, तुम्ही तिथंच होतात. शिपाई यायच्या आधीचा गोल तुम्ही पाहिलात ना? डाव्या पायानं मारला होता."

"पाहिला," वासिफ म्हणाला. "असा गोल मी अजून—" आणि बेची नजर दिसल्यावर तो गप्प बसला.

शिक्षा म्हणून रफीकची रवानगी दूर बैरुतच्या लष्करी इस्पितळात राबायला झाली. शिक्षण अर्धवट, आई-बाप रडताहेत, आणि वासिफच्या पाठीवर शाबासकीची थाप. त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं वांग्याच्या भाजीला हात लावला नाही.

"बरं नाही का?" पाकिझेनं विचारलं.

"अगं, एका पोराचा खेळ मोडला मी."

"मग जा आणि सांगा तुमच्या बेला, चूक झाली म्हणून."

"त्याला सांगितलं तर मलाही बैरुतला धाडेल."

पाकिझे ताट उचलत म्हणाली, "तर मग इथून पुढे तरी कमी दिसू दे तुम्हाला."

हे मात्र वासिफनं मनावर घेतलं. काही महिन्यांनी खेळ पुन्हा सुरू झाला आणि तुर्की पोरंही हळूच परतली, फक्त नावं बदलून. चमूत आता टॉम होता, विली होता, आणि मिशा पिळलेला एक हॅरी होता. गोल हुकला की हा हॅरी दोन्ही हात वर करून "या अल्ला!" असा टाहो फोडी. विली त्याला शुद्ध कादिकॉयच्या तुर्कीत दम भरी, "पास दे रे गाढवा, नाहीतर तुझ्या आईला सांगीन!"

"आपलं कुणी दिसलं?" सेझाई बे विचारी.

"छे, सगळे इंग्रज," वासिफ म्हणे. "एक हॅरी म्हणून आहे, तो तर अगदीच लंडनचा." खोटं बोलताना त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होत, पण त्याच्याकडे लक्ष न जाण्याचा गुण इथं कामी आला.

खरं सांगायचं तर आता तो नजर ठेवायला जातच नव्हता. शनिवारपासूनच त्याला रविवारचे वेध लागत. दाढी करायची, बूट पुसायचे, आणि बायकोला "सरकारी काम" सांगून निघायचं. पाकिझेच्या मनात पाल चुकचुकली. इतक्या हौसेनं सरकारी काम करणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता. एका रविवारी बुरखा ओढून ती गुपचूप त्याच्या मागोमाग गेली. तिला दिसलं ते असं: आपला नवरा चिनाराखाली छत्री गरागरा फिरवत टुणटुण उड्या मारतोय आणि शेजारच्या ग्रीकाला मिठ्या मारतोय.

घरी आल्यावर ती म्हणाली, "बाई असती तर बरं झालं असतं. तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. ह्या चेंडूचं मी काय उपटू?"

मग एका उन्हाळ्यात सगळं एका झटक्यात बदललं. सुलतानाला राज्यघटना पुन्हा लागू करावी लागली, शहरातल्या मोठ्या पुलावर अनोळखी माणसं एकमेकांना आलिंगनं देऊ लागली, आणि त्यातून सवड मिळेल तेव्हा हेरांना शोधून बडवू लागली. सेझाई बे परक्या बोटीत चढून पसार झाला. वासिफनं घराच्या खिडक्या लावून घेतल्या. दारावर थाप पडली की तो दिवाणाखाली सरपटत जाई.

अशीच एकदा थाप पडली. पाकिझे लाटणं घेऊन दारात गेली. बाहेर उन्हानं रापलेला एक तरुण उभा.

"छत्रीवाले एफेंदी इथंच राहतात ना?"

"वारले ते."

"अरेरे! कधी?"

"आत्ताच."

तरुण हसायला लागला. त्याला हसू आवरेना तेव्हा दिवाणाखालूनच आवाज आला, "रफीक?"

अंगाला धूळ लागलेला वासिफ बाहेर आला आणि हात जोडल्यासारखे करून उभा राहिला. "बेटा, मला माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही."

रफीकचं हसू मावळलं. "राग आहे, एफेंदी. खोटं कशाला बोलू? माझ्या आईचे केस त्या दोन वर्षांत पांढरे झाले." त्यानं वासिफच्या खांद्यावरची धूळ झटकली. "पण हॅरी सांगत होता, पुढे तुम्ही कुणाचंच नाव दिलं नाहीत. आता उघड उघड क्लब काढतोय आम्ही. 'शिमशेक' नाव ठेवलंय, म्हणजे वीज कशी कडाडते तसं. सगळी आपलीच पोरं. तुम्हाला एक काम द्यायला आलोय."

"मला? मला काय येतं?"

"हेरगिरी! पुढच्या महिन्यात मोडाच्या इंग्रजांशी सामना आहे. त्यांचा सराव बघून या."

वासिफचे डोळे चमकले. ह्या वेळी छत्री न घेता त्यानं खोटी दाढी लावली, मेंढपाळाचा डगला घातला आणि मोडाच्या मैदानाकडेला जाऊन बसला. दोन मिनिटांत इंग्रजांचा कप्तान स्वतः खुर्ची घेऊन आला आणि मोडक्यातोडक्या तुर्कीत म्हणाला, "वासिफ एफेंदी, बसा. आज छत्री नाही? ऊन लागेल."

इतके दिवस सगळ्या कुरणाला ठाऊक होतं! पोरं सामना सुरू करण्यापूर्वी "छत्री आली का?" असं विचारून घेत आणि मगच नावं बदलत, हे स्तेल्योनं त्याला त्या दिवशी हसत हसत सांगितलं. वासिफ दोन दिवस लाजेनं घराबाहेर पडला नाही. पण पोरांनीच त्याला ओढून नेलं, आणि मग तो शिमशेकचाच झाला. चुन्याच्या रेघा आखायच्या, चेंडूला चरबी लावायची, मध्यंतरात लिंबं कापून द्यायची, आणि सामन्याच्या वेळी कडेला निशाण घेऊन उभं राहायचं, ही त्याची कामं. पोटासाठी त्यानं धक्क्यावरची कारकुनी पुन्हा धरली.

कपडे शिवायचं काम पाकिझेकडे आलं. वरचे लाल सदरे तिनं झकास शिवले. तुमानींवरून मात्र जुंपली.

"पाकिझे हानम, हे पायजमे झाले!" रफीक कळवळून म्हणाला. "ह्यात पाय अडकून पडू आम्ही."

"पडा. पण मुसलमानाचे गुडघे झाकलेले पडतील. गल्लीत मौलवी राहतात, त्यांना तोंड मला दाखवायचंय."

शेवटी रोज एकेक बोट वर असं करत दोघं गुडघ्याखाली चार बोटांवर थांबले. गल्लीतल्या मौलवींनी सुरुवातीला ह्या खेळाला सैतानाचं डोकं तुडवणं म्हटलं होतं. पण त्यांचा धाकटा मुलगा शिमशेकचा गोलकीपर झाल्यापासून ते सैतानाबद्दल बोलायचे थांबले आणि बचावफळीबद्दल बोलू लागले.

चार वर्षं मोठी मजेची गेली. मग बाल्कनची लढाई आली, तिच्या पाठोपाठ महायुद्ध. लाल सदरे खुंटीला लागले आणि पोरं खाकी घालून चानाक्कालेला, येमेनला, कॉकेशसला गेली. कुरणावर बकऱ्या चरू लागल्या. वासिफ तरीही रविवारी जाऊन चिनाराखाली बसे. स्तेल्यो भाजलेल्या चण्यांची नकली कॉफी उकळी, आणि दोघं म्हातारे बकऱ्यांकडे बघत ती पीत. लढाई संपली तेव्हा निम्मी पोरं परतली नाहीत. मिशीवाला हॅरी, ज्याचं खरं नाव साबित होतं, तो कॉकेशसकडच्या सारिकामिशच्या बर्फात कायमचा राहिला. डॉक्टर झालेला रफीक परतला, पण उजवा गुडघा लाकडासारखा ताठ.

"आता मी ओरडायचं तेवढं काम करणार," तो म्हणाला. त्यानं गल्लीबोळांतून नवी पोरं गोळा केली. ती मिळायला वेळ लागला नाही. आता चिंध्यांचा चेंडू नसलेली गल्लीच शहरात उरली नव्हती.

लढाई हरलेल्या इस्तंबूलच्या बॉस्फरसमध्ये तेव्हा जेत्या इंग्रजांच्या युद्धनौका नांगरून पडल्या होत्या आणि रस्त्यातून त्यांचे सोल्जर बूट वाजवत हिंडत होते. एका इंग्रज पलटणीच्या संघानं शिमशेकला सामन्याचं आव्हान दिलं. त्या दिवशी सगळं कादिकॉय कुरणावर लोटलं. भिंतींवर, झाडांवर, गाड्यांच्या टपांवर माणसं. मौलवी पहिल्या रांगेत. बायका एका बाजूला घोडागाड्यांवर उभ्या, त्यांत पाकिझे.

सामना एक-एक असा बरोबरीत. अगदी शेवटाला शिमशेकचा एक चिमुरडा पण विजेसारखा खेळाडू चेंडू घेऊन कडेकडेनं पळाला, रेघेवरून चेंडू आत वळवला, आणि दुसऱ्यानं डोक्यानं जाळ्यात घातला. कुरण फुटलं म्हणजे फुटलंच. टोप्या आभाळात गेल्या. लोक रडत होते.

आणि कडेला वासिफ एफेंदी निशाण वर धरून उभा होता.

पंच धावत आला. "काय झालं?"

"चेंडू रेघेबाहेर गेला होता," वासिफ म्हणाला. हात खाली आला नाही. कानांच्या पाळ्या पांढऱ्याफटक होत्या.

गोल रद्द झाला. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "हेर कुठला! अजून हेरच आहे हा! इंग्रजांना विकला गेला!" मग सगळीकडून तेच. सिमित नावाच्या तिळाच्या पावाचं एक कडं येऊन त्याच्या कपाळावर आदळलं. पाठोपाठ टमाटे आले.

रफीक ताठ पाय ओढत त्याच्याजवळ आला. "एफेंदी, एकदाच विचारतो. बाहेर होता?"

"वीतभर."

"शपथ?"

"साबितची शपथ."

रफीकनं डोळे मिटले, उघडले, आणि गर्दीकडे वळून लष्करी आवाजात गरजला, "बाहेर होता! खेळा!" आणि सामना संपेपर्यंत तो वासिफच्या शेजारीच उभा राहिला, म्हणजे टमाटे दोघांत वाटले गेले. सामना बरोबरीत सुटला. घोडागाड्यांच्या बाजूला त्याच वेळी वेगळाच दंगा चालला होता. 'विकला गेला' म्हणणाऱ्या इसमाला पाकिझेनं गाठून चपलेनं असा चोपला, की त्याला सोडवायला दोन इंग्रज सोल्जरांना मध्ये पडावं लागलं.

तो चेंडू बाहेर होता की आत, ह्यावर पुढे कित्येक वर्षं कादिकॉयच्या चहा-कॉफीच्या दुकानांत हाणामाऱ्या झाल्या. राज्य बदललं, राजधानी बदलली, लाल टोप्या जाऊन हॅट आल्या, लिपी बदलली, वाद तोच राहिला. जे त्या दिवशी जन्मलेलेही नव्हते ते छातीठोकपणे सांगू लागले की आम्ही जवळून पाहिलंय. स्तेल्यो ग्रीसमधल्या पिरेयसला मुलाकडे राहायला गेला. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर त्याचा निरोप येई, की वासिफला म्हणावं इथंही लोक मलाच विचारतात. बोटीवर आता वासिफच्या पायावर पाय देऊन कुणी जात नसे, उठून जागा देत आणि मग शेजारी बसून हळूच विचारत, "काका, खरं सांगा, आता कुणी ऐकत नाही."

"वीतभर बाहेर," वासिफ म्हणे आणि समुद्राकडे बघे.

तो थकला तेव्हा मैदानाला सिमेंटच्या पायऱ्या झाल्या होत्या. रफीक, आता टक्कल पडलेला डॉक्टर, त्याला आणि पाकिझेला आपल्या गाडीतून रविवारी तिथं नेऊन बसवी. पाकिझेला खेळातलं सगळं कळू लागलं होतं. पंचांच्या आईबापांची चौकशी ती इतक्या मोठ्यानं करी की पुढच्या रांगेतले लोक मागे वळून नमस्कार करत.

अशाच एका सामन्याहून परतल्यावर दोघं दारात बसून टरबूज खात होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग पाकिझे बिया काढता काढता सहज म्हणाली, "त्या दिवशी मी गाडीवर उभी होते ना, मला सगळी रेघ दिसत होती."

"मग?"

"चेंडू आत होता हो."

वासिफच्या हातातली फोड तशीच राहिली. "काय म्हणालीस?"

"आत होता. चांगला चार बोटं आत."

"मग त्या माणसाला चोपलंस कशाला?"

"तो माझ्या नवऱ्याला बोलला. चेंडूचा काय संबंध?"

वासिफ उठून आत गेला. पुढचे दोन दिवस त्यानं बायकोशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी रविवार होता. रफीकच्या गाडीचा भोंगा वाजला, तेव्हा तो बूट पुसून तयार होता. दारापाशी येऊन त्यानं बराच वेळ घसा खाकरला आणि म्हणाला, "चल, उशीर होतोय. आणि आज मी तुझ्या उजव्या बाजूला बसणार. तुझा उजवा डोळा अधू झालाय, तिकडची रेघ मी बघीन."

"माझे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत," पाकिझे म्हणाली, आणि डोक्याला रुमाल बांधत गाडीकडे निघाली.